वळणावरचा दीड हात

गुरुवार, १० नोव्हेंबर १९४९. सकाळी आठ, आडाजवळचा ओटा.

हजर: गोविंदशेठ, दुकानाची एक फळी उघडी ठेवून, गिऱ्हाईक आलं तर दिसावं म्हणून. पोस्टमन नाईक, पिशवी खांद्यावर अडकवूनच. दस्तगीरभाई बागवान. मी. काशीआक्का, तुमच्या बिऱ्हाडाच्या वतीनं, पदर सावरून, ओट्याच्या कडेला, तुमच्या जागेपासून हातभर अंतर सोडून.

गैरहजर: तुम्ही.

तात्या, एवढं लिहिलं आणि टाक दौतीत ठेवून दिला. दोन वर्षांत या ओट्यावर इमारतीच्या जेवढ्या बैठका झाल्या, त्यांतल्या एकीलाही तुम्ही चुकला नव्हता. मी वही घेऊन जिना उतरायच्या आत तुम्ही पाय पसरून बसलेले असायचात. वर बघून म्हणायचात, "चला, हजेरी घ्या बाई. पलटन हजर हाय." गैरहजर असा शब्द मी या वहीत कितीदा तरी लिहिला आहे, बहुतेक वेळा शेठच्या नावापुढे. तुमच्या नावापुढे तो लिहिताना हात अडला, तेव्हा मी मंडळींना म्हटलं, थोडं थांबा, शाई वाळू दे.

तुमचं गाव कोणतं, पलटण कोणती, बिल्ले किती, हे गावाकडच्या मंडळींनी तेराव्याला सगळ्यांना सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. माझ्याजवळ तुमची जी नोंद आहे ती इमारतीच्या वहीत आहे. कौलं, आड, जिना. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर तुम्ही माझ्याशी भांडत आहात.

पहिलं पान मालक झालो त्या दिवसाचं. आपण पाचही बिऱ्हाडं इथे वर्षानुवर्षं भाड्यानं राहत होतो. खाली शेठचं दुकान आणि घर, त्यांच्या शेजारी नाईक. वर जिन्याच्या एका अंगाला तुम्ही, दुसऱ्या अंगाला मी, पुढच्या बाजूला दस्तगीरभाईंचं कुटुंब. घरमालक कायमचे पुण्याला निघाले आणि ज्याच्या त्याच्या खोल्या ज्याला त्याला विकून गेले. खरेदीखतात प्रत्येकाचे खण लिहिले होते. तुळई ते तुळई एक खण, असे शेठचे चार, नाईकांचे दोन, तुमचे तीन, माझे दोन, दस्तगीरभाईंचे तीन. जिना, छप्पर आणि आड या तिघांपुढे एकच शब्द होता, सामाईक. आणि त्या सामाईकाला मालकांनी कित्येक वर्षांत हात लावलेला नव्हता. कचेरीतून आपण मालक होऊन परत आलो. संध्याकाळी नाईक पेढे घेऊन वर येत होते, तर तिसरी पायरी त्यांच्या पायाखाली मोडली.

तुम्ही कठड्यावरून वाकून ओरडलात, "मालक, जपून!" मग जरा थांबून म्हणालात, "पन ही मोडली कुनाची म्हनायची?"

आपलं सगळं भांडण त्या एका प्रश्नाचं होतं.

पहिल्या बैठकीला मी दुरुस्तीची यादी करून आणली. यादीवर कुणाचा वाद नव्हता. वाद होता वाटणीचा. माझं म्हणणं, खर्च खणावारी वाटावा. ज्याचे खण जास्त त्याचा वाटा जास्त. तुमचं म्हणणं, चुलीवारी. जितक्या चुली पेटतात तितके वाटे, सगळे सारखे.

"आवं बाई, आडाचं पानी चुलीला लागतं. खनाला काय पानी पाजता का?"

"आणि कौलं कशावर असतात? चुलीवर की खणावर?"

"खनावर. पन खाली चूल नसंल तर त्या खनात राहील कोन? घुशी?"

शेठ म्हणाले, "तुमचं काय ते ठरवा. मी जिना चढतोच कुठे? वर्षातून एकदा, गणपतीची वर्गणी मागायला. मला जिन्यात धरू नका."

"बरं," तुम्ही म्हणालात, "मग आमी आडावर येत न्हाई. पावसाचं पडंल तेवढं वरच्या वर पिऊ. तुमीबी वर्गनी मागायला शिडी लावून या."

खणावारीत माझा वाटा कमी येत होता, हे तुम्हाला पहिल्या मिनिटात कळलं होतं. चारचौघांत तुम्ही ते बोलला नाहीत. नंतर जिन्यात गाठून हळूच म्हणालात, "शाळेत पोरींस्नी हीच गनितं शिकवता व्हय?" मी वर जाऊन दार लावलं आणि एकटीच हसले. हे तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी असं ठरलं की आड चुलीवारी. आणि छपराचं, ज्याच्या डोक्यावर जेवढं, ते त्यानं आपापलं शाकारून घ्यावं. हा दुसरा ठराव माझा होता. मला तो फार नीटनेटका वाटला होता. कुणाशी हिशेब नको, कुणाची वाट बघणं नको.

त्या उन्हाळ्यात तिघांनी आपापलं छप्पर केलं. तुम्ही कुठल्याशा पाडलेल्या गोदामाची मंगलोरी कौलं मिळवलीत. दस्तगीरभाईंनी पत्रा घातला. मी कुंभाराकडची साधी नळीची कौलं बसवली, कारण ती थंड असतात आणि तेव्हा मिळत होती. तिघंही आपल्या कामावर खूश. रस्त्यावरून बघितलं की इमारतीनं तीन जणांच्या टोप्या एकावर एक घातल्यासारखं दिसायचं. आणि पाऊस सुरू झाला तेव्हा लक्षात आलं, की जिन्यावरचा पट्टा कुणाच्याच खणात येत नव्हता, म्हणून तो कुणीच शाकारला नव्हता. तिन्ही छपरांचं पाणी बरोबर त्या पट्ट्यात उतरत होतं. जिन्याचा ओढा झाला. एकेक पायरी करत पाणी खाली गेलं आणि शेठच्या दुकानाच्या मागच्या दारातून आत शिरलं, जिथे गुळाच्या ढेपा रचलेल्या होत्या.

चार दिवसांनी ऊन पडलं तेव्हा मुंग्यांची रांग खालून वर निघाली होती. गुळाचा चिकटा सगळ्यांच्या पायांनी पायऱ्यांना लागून तुमच्या उंबऱ्यापर्यंत गेला होता. शेठ जिन्याच्या तळाशी कपाळाला हात लावून उभे.

"या शेठ, या की वर," तुम्ही म्हणालात. "जिना आता तुमच्याच गुळाचा हाय."

तुम्ही मला त्या ठरावावरून एकदाही टोचलं नाहीत. मी वाट बघत होते. उत्तरही तयार ठेवलं होतं. तुम्ही फक्त वही मागितलीत, मी लिहिलेलं ते पान बोटानं शोधून काढलंत आणि म्हणालात, "हितं बाजूला लिवा, चूक झाली. कुनाची ते लिवू नका." ते मी लिहिलं. अजून आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही तुमच्या गावची रीत आणलीत. इस्लामपूरच्या बाजूला सामाईक विहिरीच्या मोटेला पाळी असते. ज्याची जितक्या दिवसांची पाळी, त्यानं विहिरीचा गाळ काढताना तितके दिवस स्वतः यायचं. तुम्ही म्हणालात, नुसती वर्गणी दिली की माणसाला वाटतं सुटलो. त्यानं हात घातला पाहिजे. प्रत्येक चुलीमागे एक माणूस, पाळीनं.

मी म्हटलं, "मी माणूस लावून पाठवते."

"मानूस नगं. तुमी या."

"तात्या, मी बाईमाणूस, शाळेची मास्तरीण. कौलं वाहू?"

"कौलाला काय ठावं तुमी मास्तरीन हाय त्ये?"

मी गेले. तुळया तपासून वर सुतार बसला आणि अंगणापासून छपरापर्यंत आपली माणसांची रांग लागली. शेठ, नाईक, जैनब म्हणजे दस्तगीरभाईंची सून, मी, काशीआक्का, आणि शिडीवर तुम्ही. सगळीकडे एकाच जातीची कौलं, हातातून हातात. पहिल्या तासात माझ्या बोटांची सालटं निघाली. जैनबनं तिच्या ओढणीचा तुकडा फाडून माझ्या हाताला बांधला. एवढी वर्षं शेजारी राहून आम्ही एकमेकींना फक्त "पाणी भरलं का" एवढंच विचारत आलो होतो. दुपारी काशीआक्कांनी भाकरी आणि खरडा आणला आणि आपण सगळे अंगणात ओळीनं बसून जेवलो. शेठ तुमच्या शेजारी. तुम्ही त्यांच्या पानावर गुळाचा खडा ठेवलात. त्यांना हसू आवरेना.

तात्या, माझं वय आता पन्नाशीला आलं. मी आयुष्यभर याद्या केल्या, दुसऱ्यांना कामं वाटून दिली आणि ती झाली की खूण केली. त्या यादीत हात मळवणाऱ्यांत माझं नाव तुम्ही घातलंत. त्याबद्दल आभार मानायचे राहिले होते. ते इथे मानते.

त्यानंतर आड झाला, पायऱ्या झाल्या. राहिलं ते एकच काम, जिन्याचं वळण.

जिना वर येऊन तुमच्या आणि माझ्या दाराच्या मध्ये वळतो. तिथे जागा फार अडचणीची. तुम्ही पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याला जखमींचे स्ट्रेचर वाहत होता. त्यामुळे कुठल्याही घरात गेलात की आधी जिना बघायचात, हे मला काशीआक्कांनी सांगितलं होतं. तुम्ही एका सकाळी दोरी घेऊन आलात, वळणावर इकडून तिकडे धरलीत आणि मान हलवलीत.

"हितं श्ट्रेचर वळत न्हाई. दीड हात कमी पडतुया."

"मग?"

"तुमच्या कोपऱ्याची भिंत दीड हात मागं घ्या. कुडाचीच हाय. येका दिसाचं काम."

मी नाही म्हटलं. तुम्ही कारण विचारलंत. मी कारणं दिली: तुळईला धक्का बसेल, माझं कपाट तिथे आहे, सुतार मिळत नाही. तुम्ही प्रत्येकाला उत्तर आणलंत. सुतारालाच घेऊन आलात. त्यानं तुळई ठोकून सांगितलं, काही होत नाही. मग तुम्ही मला बसऱ्याची गोष्ट सांगितलीत. एका दुमजली घराचा दवाखाना केला होता. तुमच्या वाळव्याकडचाच एक गडी वर पडला होता, त्याला खाली आणताना स्ट्रेचर वळणावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. चौघं तसेच धरून उभे. तो गडी तुमच्याशी गावच्या उसाबद्दल बोलत होता आणि बोलता बोलता तिथेच गेला.

हे ऐकून मी काय म्हणाले? मी म्हणाले, "तात्या, हे कराड आहे. बसरा नव्हे."

तुम्ही दोरी गुंडाळत म्हणालात, "जिना म्हंजे जिना, बाई. बसऱ्याचा काय आन् कराडचा काय." आणि आत गेलात. दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी आपणहून विचारलंत, शाळेला सुट्टी कधी आहे. तुमचा राग तेवढाच टिकायचा.

खरं कारण मी तुम्हाला दिलं नव्हतं. ते असं. हे दोन खण म्हणजे माझ्या नावावर झालेली पहिली वस्तू. माहेरचं घर भावांचं. सासरचं घर, यजमान गेल्यावर, दिरांचं. शाळेतली खुर्चीसुद्धा शाळेची. सरकारी शिक्क्याच्या कागदावर माझं नाव, आणि त्यापुढे "मालक" हा शब्द, मी कचेरीत तीनदा वाचला होता. तुम्ही दीड हात मागितलात तेव्हा मला तुळई दिसत नव्हती आणि बसराही दिसत नव्हता. मला तो कागद दिसत होता. हे मी तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही हसला असतात का? बहुतेक नसता. बहुतेक म्हणाला असतात, "मग आधी सांगायचं न्हाई व्हय?" मला वाटलं, सांगू कधीतरी. घाई काय आहे?

श्रावणात जैनबचे दिवस भरले. दुपारची वेळ होती. सुईण बाहेर येऊन म्हणाली, मूल आडवं आहे, दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता. खाली टांगा आला. तिला झोपवून नेता येईना, वळण मध्ये आलं. तुम्ही माझ्या घरात शिरलात आणि न विचारता माझी हाताची लाकडी खुर्ची उचलून आणलीत. जैनबला तीत बसवलं, दस्तगीरभाई आणि त्यांचा मुलगा पुढे, नाईक आणि तुम्ही मागे. तुम्ही एकेक हुकूम देत होता आणि मी माझ्या दारात उभी राहून, काही सुचत नव्हतं म्हणून, सवयीनं ते वहीत लिहीत गेले. पुढच्यांनी एक पायरी. थांबा. मग मागच्यांनी. वळणावर खुर्ची उचला, भिंतीला लावू नका. पाय आधी बाहेर. सगळ्यांनी दम घ्या. चला.

तुमचं लक्ष माझ्याकडे गेलं. "बाई! पोरीचा जीव चाललाय, आन् तुमी काय प्रोसिडिंग लिवताय?"

त्या वेदनेतही जैनब हसली. नंतर ती मला म्हणाली, त्या हसण्यानं तिची भीती गेली. संध्याकाळी दस्तगीरभाईंना नात झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी तुम्ही खुर्ची परत आणून दिलीत, पुसून. दारात थांबलात. "आता तरी?"

"झालं ना खुर्चीवरून व्यवस्थित?" मी म्हटलं.

तुम्ही माझ्या कोपऱ्याकडे बघितलंत. "खुर्चीवर बसता येतंय तवर ठीक हाय," एवढंच म्हणालात.

हे आपलं या विषयावरचं शेवटचं बोलणं. पुढे दिवाळी आली. तुम्ही करंज्यांचं ताट घेऊन आलात, मी तुम्हाला शाळेतल्या मुलींच्या गमती सांगितल्या. कोपऱ्याकडे दोघांपैकी कुणी बघितलं नाही.

दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. सकाळी तुम्ही आडावरून दोन घागरी भरून वर आणल्यात, काशीआक्कांना म्हणालात, छातीत कळ येते आहे, जरा पडतो. नाईक सायकलवरून डॉक्टरांना घेऊन आले तोवर संपलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, यांना वेळेवर खाली नेता आलं असतं तर? ते म्हणाले, नाही, काही उपयोग झाला नसता. हे त्यांचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे, कारण मला ते परत परत वाचावं लागतं.

गावाकडची मंडळी यायच्या आत तुम्हाला अंगणात आणायचं होतं. चौघं जमले, वळणापाशी आले आणि थांबले. झोपवून नेता येत नव्हतं. सगळे माझ्या भिंतीकडे बघत होते, निदान मला तसं वाटलं. मी आत गेले आणि खुर्ची आणली.

तुमच्याच पटक्यानं तुम्हाला खुर्चीशी बांधलं. पुढे दस्तगीरभाई आणि त्यांचा मुलगा, मागे नाईक, आणि तुमच्या जागेवर शेठ, जे जिना चढत नव्हते. मग सगळे पुन्हा थांबले. हुकूम द्यायला कुणी नव्हतं. दस्तगीरभाई म्हणाले, "बाई, त्या दिवशी तुम्ही लिहून घेतलं होतं ना? वाचा."

मी दारात उभी राहून वाचलं. पुढच्यांनी एक पायरी. थांबा. मग मागच्यांनी. वळणावर खुर्ची उचला, भिंतीला लावू नका. एवढं वाचलं तेवढ्यात शेठचा हात सुटला आणि खुर्चीचा पाय माझ्या कोपऱ्याला लागला. गिलाव्याचा एक पोपडा पडला आणि आतला कूड दिसला. शेठ रडायलाच लागले. मी पुढचं वाचलं. पाय आधी बाहेर. सगळ्यांनी दम घ्या. माझा आवाज तिथे गेला. तेव्हा जैनबनं, छातीशी मूल धरून, माझ्या खांद्यावरून वहीत बघत शेवटचा शब्द वाचला. "चला."

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काशीआक्कांनी मला बोलावलं. तुमच्या खाटेखाली तीन फळ्या निघाल्या होत्या. बाभळीच्या, तुमच्या बांधावरच्या झाडाच्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. आक्का म्हणाल्या, "मला म्हनले हुते, ट्रंकंखाली घालाय आनल्यात." मी दोरी आणून मोजल्या. वळणाची सध्याची जागा आणि वर दीड हात, बरोबर. रुंद केलेल्या वळणावर टाकायच्या फळ्या. मला वाटलं, बघा, म्हातारबुवांना खात्री होती की मी शेवटी ऐकेन. थोडा रागही आला. मग एका टोकाला खाच दिसली, चौकोनी, हाताच्या पंजाएवढी. ती कशासाठी ते कळेना, म्हणून सुताराला बोलावलं. त्यानं बघितल्याबरोबर सांगितलं, ही खांबाची खाच आहे. माझ्या बाजूला खांब नाही. खांब तुमच्या बाजूला आहे, तुमच्या चुलीच्या मागे.

म्हणजे तुम्ही माझी भिंत सोडून दिली होती. तुम्ही स्वतःची मागे घेणार होता.

मी आक्कांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? त्यांनी खाचेतला भुसा पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "ट्रंकंचं मला कवाच खरं वाटलं न्हवतं. येकदा म्हनले, चूल खिडकीकडं सरकवू या. धूरबी भाईर जाईल. मी म्हनलं, आन् बाईंचं काय? तर म्हनले, त्यांचं असंल काय तरी. ऱ्हाऊ दे."

त्यांचं असंल काय तरी. तात्या, मी न सांगितलेलं कारण तुम्ही न ऐकताच मान्य केलं होतं. आणि दोन वर्षं चुलीवारी, चुलीवारी म्हणून भांडलेला माणूस स्वतःची चूल हलवायला निघाला होता.

तर त्या गुरुवारची बैठक. मी टाक पुन्हा उचलला आणि विषय मांडला. वळण रुंद करणे, भिंत माझी. आक्का म्हणाल्या, "न्हाई, त्यांनी आमची ठरिवली हुती." मी म्हटलं, "आक्का, तुमची चूल जिथे आहे तिथे राहील. एकदा तरी मला त्यांच्याशी हरू द्या." नाईक म्हणाले, मग बाईंची जागा जाते, त्यांचा वाटा माफ करू. मी म्हटलं, अजिबात नाही. दस्तगीरभाईंनी विचारलं, वाटणी कशी? खणावारी?

मी म्हटलं, "चुलीवारी."

शेठ एकदम माझ्याकडे बघायला लागले. मग घसा साफ करून म्हणाले, "चुलीवारी तर चुलीवारी. पण आता आक्का एकट्या. त्यांचा वाटा आपण चौघं उचलू."

काशीआक्कांनी बैठकीत पहिल्यांदाच मान वर केली. "का म्हनून? माझी चूल पेटती हाय की."

मी लिहिलं: वाटे पाच. नाईक पोस्टाकडे गेले, शेठनी दुकानाची दुसरी फळी काढली. हा वाद तुम्ही जिंकलात, तात्या. तुम्ही असता तर निदान आठवडाभर मला सुखानं चहा पिऊ दिला नसता.

फळ्या त्याच वापरायच्या. सुतार म्हणतो, फिरवून टाकल्या की बसतात. फक्त ती खाच खांबाशी न जाता माझ्या दाराशी येईल. मी त्याला सांगितलं, बुजवू नको. गवंड्याला निरोप गेला आहे. वहीत लिहिलं आहे, काम: भिंत दीड हात मागे. कोण: मी. कधी, या रकान्यात मी आजवर कधी जागा कोरी सोडलेली नव्हती; या वेळी ती कोरी आहे.

बैठकीला आठवडा होऊन गेला. खडूनं जमिनीवर दीड हातावर रेघ ओढली आहे. सकाळी केर काढताना ती पुसते, मग मी पुन्हा ओढते. गवंडी म्हणतो, बाई, आधी कोपरा मोकळा करा. कपाट अजून रेघेच्या पलीकडेच, जिन्याच्या बाजूला आहे. वरच्या कप्प्यात तो खरेदीखताचा कागद आहे, आणि मी अजून कपाटाचं कुलूप काढलेलं नाही.